न्हाणीघराच्या खिडकीचा आडोसा : एक ऐतिहासिक विचार

गृहरचनेच्या इतिहासात राजवाड्यांची दालने, देवळांचे मंडप आणि किल्ल्यांचे दरवाजे यांना जितके स्थान मिळाले, तितके न्हाणीघराला मिळाले नाही. न्हाणीघराचा विचार झालाच तर तो बंब, घंगाळ आणि पाण्याचा निचरा यांपाशी थांबतो. त्याच्या खिडकीवर काय लावावयाचे, हा प्रश्न क्षुल्लक समजून सोडून दिला जातो. वस्तुतः घरातील दुसऱ्या कोणत्याही खिडकीपुढे इतक्या विरुद्ध मागण्या एकाच वेळी उभ्या राहत नाहीत. ओल सुकावी म्हणून वारा हवा, शेवाळ व कुबटपणा टळावा म्हणून प्रकाश हवा, आणि स्नान करणाऱ्यास परक्या दृष्टीपासून आडोसा हवा. पहिल्या दोन गोष्टी खिडकी उघडण्यास सांगतात. तिसरी ती मिटण्यास सांगते. या तिढ्यातून निरनिराळ्या काळी कोणते मार्ग निघाले, आणि जेथे मार्ग निघाला नाही तेथे त्याची किंमत कोणी दिली, हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा विषय होय.

सर्वांत सोपा मार्ग अर्थातच अंधाराचा. रोमन तत्त्ववेत्ता सेनेका याने आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत, म्हणजे इ. स. ६२ ते ६५ च्या सुमारास, जी पत्रे लिहिली, त्यांतील ८६ वे पत्र या दृष्टीने महत्त्वाचे आहे. हॅनिबलचा पराभव करणारा सेनापती स्किपिओ आफ्रिकानस याच्या लिटर्नम येथील घरात राहून ते लिहिलेले आहे. स्किपिओचे न्हाणीघर अरुंद व अंधारे होते. त्याला खिडक्या नव्हत्या, दगडी भिंतीत केवळ फटी ठेवलेल्या होत्या. जुन्या लोकांना काळोखाखेरीज स्नानगृह उबदार वाटतच नसे, असे सेनेका नमूद करतो. त्याच्या स्वतःच्या काळी मात्र दिवसभर ऊन आत न येणारे स्नानगृह लोकांना किड्यांच्या वस्तीयोग्य वाटू लागले होते. सेनेका हा नीतिवादी लेखक असून पूर्वजांचा साधेपणा आणि समकालीनांची चैन यांतील विरोध रंगविणे हा त्याचा हेतू आहे. त्यामुळे त्याची साक्ष थोड्या सावधपणे घ्यावयास हवी. तथापि सुमारे अडीच शतकांच्या अंतराने न्हाणीघर अंधारातून उजेडात आले, हा त्याच्या कथनाचा गाभा इतर पुराव्याशी जुळतो. वास्तुशास्त्रज्ञ विट्रुव्हियस यानेही आपल्या ग्रंथाच्या पाचव्या भागात उष्ण स्नानाच्या दालनांना हिवाळ्यातील मावळतीच्या दिशेने प्रकाश मिळावा असे सांगितले आहे. कारण स्नानाची वेळ मुख्यतः मध्यान्हापासून संध्याकाळपर्यंतची असे.

हे स्थित्यंतर काचेमुळे शक्य झाले. पाँपेई येथील फोरमजवळचे सार्वजनिक स्नानगृह १८२४ मध्ये उत्खननात उघडकीस आले. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या या इमारतीत वस्त्रे उतरविण्याच्या दालनाची खिडकी छताजवळ, उंचावर होती. तीत सुमारे एक सेंटिमीटर जाडीचे ओतीव काचेचे एकच तावदान भिंतीत पक्के बसविलेले होते व त्याची एक बाजू घासून खरबरीत केलेली होती. बाहेरून कोणी आत पाहू नये यासाठी ही योजना असावी, असा अर्थ एकोणिसाव्या शतकातील वर्णनकारांनी लावला. तो योग्य असेल तर दृष्टी अडवून प्रकाश आत घेण्याची युक्ती किमान एकोणीसशे वर्षे जुनी ठरते. मात्र हे तावदान पक्के बसविलेले होते. प्रकाश आणि आडोसा यांचा मेळ बसला. पण त्या खिडकीतून वारा येत नव्हता.

पुढे तुर्की हमामांनी प्रश्नाची दिशाच बदलली. भिंतीतील खिडकीतून प्रकाश घेण्याऐवजी त्यांनी तो घुमटातून घेतला. घुमटाला लहान लहान गोल छिद्रे ठेवून त्यांवर काच बसविली, की जेथे कोणाचा डोळा पोहोचत नाही तेथून उजेड उतरतो. इस्तंबूल येथील १५८४ मध्ये बांधलेल्या चेंबरलिताश हमामात ही रचना पाहावयास मिळते. कोकणातील कौलारू घरांत न्हाणीघरावर मधूनच बसविलेले काचेचे कौल हे याच तत्त्वाचे घरगुती रूप म्हणता येईल. अर्थात ज्याच्या डोक्यावर स्वतःचे छप्पर आहे, त्यालाच हा उपाय साधतो. चार मजली इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यास तो उपलब्ध नसतो.

जेथे काच दुर्मीळ वा महाग होती, तेथे निसर्गाने दुसरे साधन पुरविले. गोव्यात पोर्तुगीज अमदानीतील घरे व चर्चे यांच्या खिडक्यांत एका विशिष्ट शिंपल्याची पातळ, चपटी कवचे लाकडी चौकटींत ओळीने बसविलेली आढळतात. शास्त्रीय परिभाषेत या शिंपल्यास प्लाकुना प्लासेंटा म्हणतात. या कवचातून मंद, दुधाळ प्रकाश येतो. आकृती मात्र दिसत नाही. खाऱ्या हवेने ते गंजत नाही, पाण्याने कुजत नाही. पाँपेईच्या खरबरीत काचेने जे साधले तेच येथे शिंपल्याने साधले, आणि चौकट बिजागऱ्यांवर उघडती असल्याने हवे तेव्हा वाराही घेता येई. पण चौकट उघडली की आडोसा संपे. तिन्ही मागण्या एकाच वेळी पुऱ्या करणारे साधन अद्याप हाती आलेले नव्हते.

त्या साधनाच्या जवळ जाणारी वस्तू म्हणजे आडव्या पट्ट्यांचा पडदा. त्याच्या नावांतच त्याचा इतिहास साठलेला आहे. इंग्रजांनी त्याला व्हेनिसचे नाव दिले, तर फ्रेंचांनी व इटालियनांनी तशाच पट्ट्यांच्या झडपेला इराणचे. प्रत्येकाने आपल्या पूर्वेकडील प्रदेशाकडे बोट दाखविले. लंडन येथे एडवर्ड बेव्हन याला १७६९ मध्ये अशा पडद्याचे एकस्व मिळाले. फ्रेंच भाषेत पट्ट्यांच्या झडपेला जो दुसरा शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ मत्सर असा होतो. घरातील स्त्री परपुरुषाच्या दृष्टीस पडू नये, या पुरुषी काळजीतून तो शब्द आला. हिंदुस्थानीतील झिलमिल या शब्दाने मात्र त्याच वस्तूतील उजेडाची लुकलुक टिपली आहे. एका शब्दात पहारा आहे, दुसऱ्यात प्रकाश आहे; आणि वस्तू दोन्ही कामे करते.

या पडद्याचे मर्म पट्टीच्या कलात आहे. पट्टीची बाहेरची कड वर व आतली खाली ठेवली, तर आकाशाचा उजेड आत उतरतो आणि रस्त्यावरून वर पाहणाऱ्याची नजर पट्टीवर अडते. परंतु समोरच्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरून पाहणाऱ्यास त्याच फटींतून आतले दिसू शकते. कल उलटा केला, तर वरची नजर व पाऊस दोन्ही अडतात, आणि जमिनीवरून परावर्तित झालेला उजेड छताकडे जातो. खालून पाहणाऱ्यासही बहुधा छतच दिसते. यास्तव पट्ट्यांचा पडदा निवडताना तो कशाचा आहे याआधी पाहणारा कोठे उभा राहू शकतो, हा प्रश्न विचारावा लागतो. बैठ्या घरांच्या गावात जो कल योग्य, तो उंच इमारतींच्या शहरात अयोग्य ठरू शकतो.

दगडी जाळी, कैरोच्या लाकडी मशरबिया, वेळूच्या कामट्यांची चिक यांचे तत्त्व याहून निराळे. त्यांतून दिवसा आतल्यास बाहेरचे दिसते, बाहेरच्यास आतले दिसत नाही. कारण बाहेर उजेड अधिक व आत कमी असतो. हा आडोसा वस्तूचा जितका, तितकाच प्रकाशातील अंतराचा आहे. विजेच्या दिव्याने नेमके हेच अंतर उलटविले. मुंबईत बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रॅमवेज कंपनी १९०५ मध्ये स्थापन झाली आणि पुढील दशकांत वीज घरोघरी पसरत गेली. पहाटे वा रात्री आत दिवा व बाहेर काळोख असता जाळी आणि विरळ पडदा दिवसाच्या उलट वागतात. जुन्या घरातील तेलाच्या दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात जे झाकले जाई, ते नव्या दिव्यात उघडे पडले.

मुंबईच्या इतिहासात या प्रश्नाला अधिक गंभीर बाजू आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगचा उद्भव झाला. अंधाऱ्या, कोंदट खोल्या हे रोगाचे एक कारण मानून अधिकाऱ्यांनी घरांच्या भिंतींना व छपरांना भोके पाडली, कौले उतरविली. १८९८ मध्ये सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ मध्ये मुंबईतील घरांच्या प्रकाश व हवा या विषयाचे विवेचन केले. दोन इमारतींमधील अंतर असे असावे की ६३½ अंशांच्या तिरप्या रेषेने आकाशाचा प्रकाश खोलीत यावा, या नियमाचा त्यांनी आग्रह धरला. प्लेगचा प्रसार उंदरांवरील पिसवांमुळे होतो हे पुढे सिद्ध झाले. तरी प्रकाश व हवा यांची मागणी नगररचनेत कायम राहिली. ही मागणी मुख्यतः राहण्याच्या खोलीसाठी होती. चाळीतील मोरी ही त्याच खोलीचा एक कोपरा. तिला पुष्कळदा स्वतःची खिडकी नसे, आणि असली तरी ती चौकाकडे वा समोरच्या गॅलरीकडे उघडत असे. दोरीवर टाकलेले जुने लुगडे हा तेथील आडोसा. पुरुष सार्वजनिक नळावर उघड्यावर स्नान करू शकत. स्त्रियांना तशी सोय नव्हती. म्हणून अनेक घरांत उजाडण्यापूर्वी उरकून घेणे किंवा झडप लावून काळोखात स्नान करणे हाच त्यांच्यापुढील मार्ग उरे. सुधारकांनी ज्या अंधाराविरुद्ध मोहीम काढली, तोच अंधार घरातील अर्ध्या माणसांना आडोसा म्हणून वापरावा लागत होता. खिडकी मोठी करण्याचा नियम लिहिताना तिच्यावरील आडोशाचा विचार केला नाही, तर ती खिडकी पुन्हा बंदच होते.

या पार्श्वभूमीवर आजच्या निवडीकडे पाहिले म्हणजे तिचे निकष स्पष्ट होतात. खरबरीत काच स्वस्त झाली, कारण बेंजामिन टिल्घमन यांनी १८७० मध्ये वाळूच्या झोताने काच घासण्याची रीत काढली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नक्षीदार दाबकाचही कारखान्यांतून निघू लागली. परंतु घासलेल्या बाजूवर पाणी पडले, की खाचा भरून निघतात आणि काच बरीच पारदर्शक होते. म्हणून ती बाजू जेथे पाणी उडते तेथे असू नये, किंवा नक्षीदार काच पसंत करावी. लाकडी पट्ट्या वाफेने वाकतात, कापडी पडद्यावर बुरशी चढते, वेळूची चिक काळी पडते. अॅल्युमिनियमच्या पट्ट्या दुसऱ्या महायुद्धानंतर प्रचारात आल्या. त्या व त्यांमागून आलेल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या ओल सोसतात, पण त्यांवर साचणारा साबणाचा थर पुसण्याचे काम वाढते. भारतीय शहरांतील सदनिकांत सर्रास दिसणाऱ्या काचपट्ट्यांच्या झडपांत घासीव वा नक्षीदार काच वापरली, तर प्रकाश, वारा आणि आडोसा हे तिन्ही पुष्कळ अंशी एकत्र येतात. पण पट्ट्या पूर्ण उघडल्या की त्यांनाही पूर्वोक्त कलाचा नियम लागू होतो.

तात्पर्य, न्हाणीघराच्या खिडकीसाठी पडदा निवडताना विचाराचा क्रम इतिहासानेच घालून दिलेला आहे. पाहणारा कोणत्या उंचीवर आहे, स्नानाच्या वेळी दिवा आत लागतो की उजेड बाहेरून येतो, आणि पाणी कोठवर उडते, हे आधी ठरवावे. वस्तूचा रंग, पोत व किंमत त्यानंतर. आणि जो आडोसा मिटल्याशिवाय उपयोगीच पडत नाही, तो खिडकीचा पडदा नसून भिंतीचाच एक प्रकार समजावा. स्किपिओच्या फटींपासून चाळीतील लुगड्यापर्यंत ही भिंत निरनिराळ्या रूपांनी उभी राहिलेली दिसते. तिच्यामागील ओल आणि अंधार ज्यांनी सोसला, त्यांची नोंद मात्र गृहरचनेच्या ग्रंथांत फारशी आढळत नाही.