कारखान्याच्या छपराखाली कचेरी



घाटकोपरहून मुलुंडकडे जाताना वाटेत विक्रोळी लागते. १८९७ साली आर्देशीर गोदरेज यांनी लालबागेत कुलुपांचा धंदा आरंभिला. पुढे त्यांचे बंधू पिरोजशा यांनी १९४०च्या दशकात विक्रोळीस विस्तीर्ण जमीन घेऊन कारखाने उभारले. स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी बारा लाखांहून अधिक पोलादी मतपेट्या १९५१ साली येथेच घडल्या. आज त्या परिसराच्या एका भागात कचेऱ्या व निवासगृहे आहेत, आणि जुन्या कारखान्यातील काही वास्तूंचे सांगाडे न पाडता त्यांना नवे रूप दिलेले आहे.

लोखंड ठोकण्यासाठी अथवा सूत विणण्यासाठी बांधलेली इमारत लेखणीच्या कामास कशी उपयोगी पडावी, अशी शंका कोणासही येईल. तिचे उत्तर त्या इमारतींच्या रचनेतच आहे. गिरणीतील विणकाम खात्याचे छप्पर करवतीच्या दात्यांसारखे असे, आणि प्रत्येक दात्याची उभी बाजू काचेची व उत्तरेकडे तोंड केलेली असे. त्यामुळे ऊन आत न येता दिवसभर सारखा, शांत प्रकाश मिळे व तुटलेला धागा कामगारास तत्काळ दिसे. तोच प्रकाश आज कारकुनाच्या डोळ्यांस सुखकर होतो. यंत्रे फिरविणाऱ्या पट्ट्यांसाठी छत उंच ठेवीत. त्या उंचीमुळे आता हवा खेळती राहते. मागांच्या रांगांसाठी खांब दूर दूर रोवीत. म्हणून आज भिंती न पाडता मेजे हवी तशी मांडता येतात.

मुंबईत हा पालट प्रथम ठळकपणे दिसला तो गिरणगावात. कावसजी दावर यांनी १८५४ साली स्थापिलेल्या ताडदेवच्या गिरणीपासून या शहराचे नशीब कापसाशी जोडले गेले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्यातील अनेकांस पुन्हा गिरणीचा दरवाजा उघडा मिळाला नाही. १९९१च्या नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे स्थूलमानाने तीन वाटे कल्पिले होते : एक मोकळ्या जागेसाठी महापालिकेस, एक सार्वजनिक घरबांधणीस व एक मालकास. २००१ साली नियम बदलून ही वाटणी केवळ आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला. मथुरादास, तोडी इत्यादी गिरण्यांच्या आवारात कचेऱ्या थाटल्या. १९०५ सालच्या फिनिक्स गिरणीचे धुराडे आजही उभे आहे. त्याच्या पायथ्याशी मात्र दुकाने आहेत.

जुनी वास्तू राखणे हे पाडण्याहून केव्हाही श्रेयस्कर, हे मी निःसंकोच म्हणेन. विटा व लोखंड वाया जात नाही, आणि शहराचा चेहराही अगदीच अनोळखी होत नाही. तथापि भिंत राखली म्हणजे इतिहास राखला, असा समज करून घेणे धोक्याचे आहे. धुराडे शोभेसाठी उरले, परंतु त्याखाली राबणाऱ्या माणसांचा मागमूस उरला नाही, तर तो मुखपृष्ठ फाटलेला ग्रंथ होय. वाचणाऱ्यास अक्षरे दिसतात. ग्रंथ कोणाचा, ते कळत नाही.

उपाय फार खर्चाचा नाही. अशा प्रत्येक कचेरीच्या दाराशी एक मराठी फलक असावा : येथे कोणते खाते होते, काय निपजत असे, किती हात राबत, आणि ते काम कोणत्या साली बंद पडले. ज्याच्या बापाने त्या छपराखाली माग चालविला, तो आज कदाचित त्याच दारावर पहारेकरी म्हणून उभा असेल. त्यास, आणि आत जाणाऱ्या तरुण कारकुनासही, तो फलक वाचता यावा, एवढीच माझी विनंती आहे.