भाकरीचं घर

माझी पणजी केडगावला उतरली तेव्हा तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता. जबलपूरकडच्या कुठल्याशा खेड्यातली पोर, वय सात की आठ, कुणी मोजलेलं नाही. तिच्या हातात ज्वारीची भाकरी ठेवली तेव्हा ती नुसती बघत राहिली. घरी कोदो-कुटकी शिजवून खाणारी माणसं. असली मोठी, गोल, ताटाबाहेर जाणारी वस्तू तिनं पाहिलीच नव्हती. तिला वाटलं, हे झाकण आहे, भांडं मागून येईल. म्हणून ती झाकण धरून बसून राहिली.

ही गोष्ट आजीनं मला पन्नासदा तरी सांगितली असेल, आणि दरवेळी शेवट वेगळा. कधी खुद्द पंडिता रमाबाई येऊन भाकरीचा तुकडा मोडून दाखवायच्या, कधी शेजारी बसलेली मोठी मुलगी. मी म्हणे, "आजी, परवा तर तू दुसरंच सांगितलंस." त्यावर तिचं उत्तर ठरलेलं: "तू होतीस का तिथं? मी बी नव्हते. गप ऐक."

तो 1896-97 चा दुष्काळ. रमाबाईंचं शारदा सदन तेव्हा पुण्यात होतं. मध्य प्रांतातल्या उपाशी मुलींच्या बातम्या कानावर आल्या, तशा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि मुली घेऊन आल्या. पुण्यात नेमका प्लेग पसरलेला, शहरात एवढ्या पोरी ठेवणं शक्य नव्हतं. पुणे-दौंड रेल्वेमार्गावर केडगावला फळबागेसाठी घेतलेली जमीन होती. तिथं तंबू ठोकले, चुली मांडल्या. नाव पडलं मुक्ती. तीन वर्षांनी गुजरातेत दुष्काळ पडला, तिथल्याही मुली आल्या आणि 1900 च्या सुमारास केडगावात दीड हजारांवर माणसं झाली. एवढ्यांना रोज दोन वेळा जेवायला घालायचं म्हणजे किती पीठ लागत असेल, हा हिशेब आजी बोटांवर करायची आणि मध्येच सोडून द्यायची.

रमाबाई का गेल्या, हे आजीच्या गोष्टीत एका वाक्यात असे: "त्यांनी बी वाळू पांघरली होती." लहानपणी मला ते कळत नसे. पुढे वाचलं तेव्हा उलगडा झाला. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं म्हणून ज्यांच्याकडे लोक वाकड्या नजरेनं पाहायचे, असे पुराणिक. कुटुंब घेऊन तीर्थं फिरायचे, पुराणं सांगायचे. 1870 च्या दशकातल्या दुष्काळानं आधी वडील नेले, मग आई, मग थोरली बहीण. उरलेली दोघं भावंडं, रमा आणि श्रीनिवास, हजारो मैल चालली. रानातली पानं खाल्ली. झेलमच्या काठी थंडीत पांघरायला काही नव्हतं, तेव्हा वाळूत कबरीसारखे खड्डे खणून गळ्यापर्यंत वाळू ओढून झोपली. 1878 मध्ये कलकत्त्याला पोहोचल्यावर विद्वानांनी या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं, ते सगळ्या पुस्तकांत आहे. आजीच्या गोष्टीत मात्र कलकत्ता नव्हतंच. वाळू होती.

पणजी थोडी मोठी झाल्यावर तिला छापखान्यात घातलं. मुक्तीत कुणी माग चालवी, कुणी तेलाचा घाणा, कुणी गाई सांभाळी. आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवलं जाई. पणजीच्या वाट्याला खिळे आले. शिशाचे खिळे, प्रत्येक अक्षराचं वेगळं घर, काना-मात्रा-वेलांटीची वेगळी, जोडाक्षरांची तर शेकडो. उलटं अक्षर वाचायची सवय व्हावी लागते. लिपी ओळखीची, भाषा परकी. ती मराठी शिकली ती अशी, डोळ्यांनी आणि बोटांनी, कानांनी नंतर. म्हणून म्हणे म्हातारपणापर्यंत तिच्या बोलण्यात शास्त्राची भाषा असायची. भांडताना सुद्धा. शेजारणीला तिनं एकदा "हे कठोर मनाच्या बाई" अशी हाक मारली होती आणि भांडण तिथंच हसण्यावारी गेलं.

छापायचं काय होतं? रमाबाईंनी उतारवयात एक काम अंगावर घेतलं, अख्ख्या बायबलचं भाषांतर. मराठीत बायबल नव्हतं असं नाही. सेरामपूरला कॅरी यांनी 1811 मध्येच नवा करार छापला होता, पुढे मुंबईच्या अमेरिकन मिशनचं भाषांतर आलं. पण रमाबाईंना ते पंडिती वाटे, आणि पंडितीचं अप्रूप त्यांना कशाला असणार! पाटावरवंट्यावरच्या बाईला कळेल असं शास्त्र त्यांना हवं होतं. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, पंधराहून अधिक वर्षं बसल्या. आज बहुतेक मंडळ्यांत ते भाषांतर उपासनेला वाचत नाहीत, बायबल सोसायटीचंच वाचतात. खरं सांगायचं तर रमाबाईंचं मराठी कित्येक ठिकाणी अडखळतं. मूळ शब्दाला धरून राहायच्या हट्टापायी वाक्य ताठ होतं, साधेपणाचा हेतू तिथं मागे पडतो. पण ते खिळे जुळवले, छापले, बांधले ते दुष्काळातून आलेल्या बायकांनी. असं दुसरं बायबल मला माहीत नाही.

1921 मध्ये रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. पुढच्या वर्षी 5 एप्रिलला त्या स्वतः गेल्या. मुक्तीतली जुनी माणसं सांगत की त्यांनी देवाकडे दहाच दिवस मागितले होते, शेवटची प्रुफं पुरी करायला, आणि ती पुरी झाल्यावर डोळे मिटले. पुस्तक 1924 मध्ये बाहेर पडलं. पणजी तोवर तिशी ओलांडलेली. मग तिचं लग्न झालं, नगर जिल्ह्यातल्या एका बिजवर मास्तरांशी. ते महारवाड्यातून आलेल्या घरातले. त्यांच्या वडिलांना गावच्या विहिरीवर चढू देत नसत, आणि ख्रिस्ती झाल्यावरही देत नव्हतेच. विहिरीला धर्मांतराची खबर पोहोचली नव्हती, असं आजी म्हणे. सरकारलाही पुढे वेगळीच खबर पोहोचली. 1950 च्या आदेशानं अनुसूचित जातींच्या यादीतून ख्रिस्ती वगळले गेले, आणि मामाच्या अर्जावर धर्माच्या रकान्यात खरं लिहिल्यावर सवलत गेली.

पणजीनं लग्नात आणलेली वस्तू एकच, ते बायबल. आमच्याकडे त्याला नुसतं ‘शास्त्र’ म्हणायचं. त्यात तिला एकच पुस्तक आवडायचं, रूथचं. चार अध्याय, पाव तासात वाचून होतं. बेथलेहेमात दुष्काळ पडतो, नामीचं कुटुंब मवाबात जातं, नवरा आणि मुलगे तिथं मरतात, आणि नामी परत निघते तेव्हा परकी सून रूथ तिला सोडत नाही. परक्या मुलखात, परक्या भाषेत, कापणीच्या मागे सरवा वेचून सासूला जगवते. बेथलेहेम या शब्दाचा अर्थ भाकरीचं घर, हे पणजीला रमाबाईंच्या वर्गात कळलेलं. भाकरीच्या घरातच भाकरी नव्हती, मग सून मिळाली तेव्हा भाकरी आली, असा तिचा सारांश. नगरकडे सरवा वेचणं म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

हे पान आपणच जुळवलं, असं ती सांगायची. पहिल्या अध्यायात आमच्या प्रतीत एक वेलांटी जराशी वर सरकलेली आहे. तीच पणजीची खूण. मला याबद्दल शंका आहे. ज्यांच्या ज्यांच्या घरची बाई मुक्तीच्या छापखान्यात होती, त्या सगळ्यांच्या घरी चांगलं पान तिनंच जुळवलेलं असतं.

1972 मध्ये मी सात वर्षांची होते. पाऊस नाहीच. आजी सत्तेचाळिशीची, रोज दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. पोरांना सुकडी मिळे, आणि रेशनवर अमेरिकेतून आलेला लाल मिलो. त्याची भाकरी तव्यावरच चिरायची, खाताना घशात अडकायची. त्याच वर्षी शाळेत एका मास्तरांनी सगळ्यांदेखत विचारलं, "तुम्ही लोक पोटासाठी बाटलेले ना? दुष्काळात?" वर्ग हसला. मी घरी येऊन आजीपुढे रडले.

मला वाटलं होतं ती चिडेल. टिळकांचं सांगेल. ते ती नेहमी सांगायची: नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले तेव्हा भाकरी मिळायची सोडून घर मोडलं, लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. किंवा रमाबाईंचं सांगेल, की उपाशी होत्या तेव्हा त्यांचा देवावरचा विश्वासच उडाला होता, ख्रिस्ती झाल्या त्या इंग्लंडमध्ये, पोट भरलेलं असताना. ही उत्तरं मला ठाऊक होती आणि मी ती ऐकायला तयार होते.

आजी म्हणाली, "व्हय, पोटासाठीच. माझी आई पोटासाठीच आली. मग?"

मी गप्प.

"प्रभूनं शिकवलेल्या प्रार्थनेत काय मागायचं सांगितलंय? आधी भाकर. मग क्षमा. लाज वाटायची आसंल तर मागताना वाटावी, खाताना कशाला?" मग जरा थांबून, चुलीतलं लाकूड मागं ओढत म्हणाली, "आन् तुझ्या मास्तरला विचार, ह्या साली आख्खं गाव अमेरिकेचा मिलो खातंय. त्यो बी खातोय. बाटला का?"

हे मी मास्तरांना विचारलं नाही, एवढा धीर नव्हता. पण त्या वाक्यानं कितीतरी वर्षं मला सोबत केली. नंतर शास्त्र वाचताना दिसत गेलं, की त्यातला निम्मा भाग दुष्काळाचाच आहे. अब्राहाम दुष्काळात मिसरात जातो, याकोबाची मुलं धान्यासाठी जातात आणि विकून टाकलेल्या भावापुढे उभी राहतात, सारफथची विधवा शेवटच्या मूठभर पिठाची भाकर करून मरायच्या तयारीत असते तेव्हा दारात एलीया येतो, तोही उपाशीच. विद्वानांना त्यात काय काय दिसतं. मला पीठ दिसतं. आमच्या मंडळीत साक्ष देताना लोक आपल्या पापांबद्दल लांबलचक बोलतात, भुकेबद्दल बोलायला लाजतात. मला ते उलट वाटतं.

त्या रात्री आजीनं मला रूथ वाचायला बसवलं. खडीनं तिच्या हातांची सालं निघाली होती, कंदिलाच्या उजेडात तिला अक्षरं लागेनात. मी भराभर वाचत गेले, झोप आली होती. वर सरकलेल्या वेलांटीपाशी तिनं माझं बोट धरलं. "हळू. इथं तुझ्या पणजीचा हात लागलाय." मग ताटात मिलोची भाकरी आली. लाल, चिरलेली, कडेनं करपलेली. मला नको होती. मी ती हातात धरून तशीच बसले, वरणाची वाट बघत. वरण त्या दिवशी नव्हतं.

"धरून बस," आजी म्हणाली, "झाकण हाय ते. भांडं येईल मागून."

आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की आई ओट्यावरून उठून आत आली.