दिनविशेष : ४ जुलै

आष्टी : डावखुऱ्या फिरकी गोलंदाजीने हिंदुस्थानचे नाव प्रथम विलायतेत गाजविणारे पळवणकर बाळू यांचे निधन १९५५ साली आजच्या दिवशी झाले. पुण्याच्या इंग्रज जिमखान्यात अल्प मुशाहिऱ्यावर खेळपट्टी राखण्याच्या कामी नेमलेल्या या चर्मकार तरुणाने, साहेब लोकांना सरावासाठी तासन्‌तास चेंडू टाकीत, जी विद्या केवळ स्वपरिश्रमाने हस्तगत केली, तिच्याच बळावर १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडास गेलेल्या संघातर्फे त्यांनी ११४ गडी बाद केले. संघाने बहुतेक सामने गमावले असता हा पराक्रम घडला, हे ध्यानी घेतले म्हणजे त्याची थोरवी कळते. बाळूंच्या या कर्तृत्वाची नोंद प्रत्येक मराठी शाळेत असावयास हवी.

१९४२च्या हुतात्म्यांचे स्मरण बाळगणाऱ्या आमच्या आष्टीच्या मुलांना हे नाव ठाऊक असणे मला अगत्याचे वाटते. कारण मैदानावर ज्यांच्या चेंडूवर विजय अवलंबून असे, त्या बाळूंना चहा मात्र मंडपाबाहेर, निराळ्या मातीच्या भांड्यातून दिला जाई. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच लाभले नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांच्याकडे आले.