एक पारावर, एक रानात

डिसेंबर १८७२. आजच्या छत्तीसगडातल्या फुलझरच्या रानात तुम्ही उभे आहात. ऊन चढलंय, तरी उघड्या फांदीवर एक पिंगळा टक्क जागा. गावच्या वडावरच्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठळक पांढरे ठिपके असतात. याचं डोकं जवळजवळ कोरं. चोच दांडगी, पाय पांढऱ्या पिसांनी भरलेले, शेपटीवर रुंद पट्टे. इथे पक्षी गोळा करणाऱ्या ब्लेविट यांना मिळालेल्या नमुन्यावरून पक्षीशास्त्रज्ञ ह्यूम पुढच्या वर्षी या रानपिंगळ्याला ब्लेविट यांचंच नाव देतील.

बारा वर्षं पुढे या, खानदेशात. ब्रिटिश अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी सातपुड्याच्या पायथ्याशी टिपलेले रानपिंगळे लंडनला पोहोचतात. पुढे त्यातला एक तिथल्या संग्रहालयातून पक्षीसंग्राहक मायनर्टझहागेन चोरतो, नव्यानं पेंढा भरतो आणि चिठ्ठी लावतो: ‘मांडवी, गुजरात, १९१४’. त्या खोट्या पत्त्यामुळे अभ्यासक भलतीकडेच शोधत राहतात. रानपिंगळा नामशेष झाला असावा, असं अनेक जण धरून चालतात.

२५ नोव्हेंबर १९९७ची सकाळ. शहाद्याजवळच्या रानात पक्षीअभ्यासक पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांच्या शेजारी तुम्ही उभे आहात. चोरी उघडी पाडून, डेव्हिडसन यांच्या खऱ्या नोंदी धरून ते इथे आलेत. समोर, भर उन्हात, तोच! तब्बल ११३ वर्षांनी.

आता आजच्या मेळघाटात या; रानपिंगळा इथेही राहतो. साध्या पिंगळ्याला आंबराईतली ढोली चालते, पडक्या वाड्याची भिंतही चालते. दिव्याखालचे किडे आणि शेतातले उंदीर त्याला पुरतात. म्हणून धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत तो सर्वांत कमी धोक्याच्या गटात आहे. रानपिंगळ्याला मात्र विरळ, कोरडं सागाचं रान लागतं आणि घरट्यासाठी त्यातल्या जुन्या झाडाची ढोली. अतिक्रमण, तोड आणि वणवे नेमकं तेच हिरावतात. त्याचे जगभरातले प्रौढ पक्षी हजाराच्या आतच असावेत, असा अंदाज आहे. २०१८मध्ये तो ‘अतिसंकटग्रस्त’मधून ‘संकटग्रस्त’मध्ये आला. तानसा अभयारण्यासारखी नवी ठिकाणं सापडत गेली, त्याचा यात मोठा वाटा होता. रान वाढलं म्हणून हे घडलेलं नाही.

पिंगळा आपल्या सोबतीनं तरतो; रानपिंगळ्याला आपण राखलेलं रान हवं. म्हणून तो दिसला तर जागा आणि तारीख खरी नोंदवा आणि वनखात्याला कळवा. वाळकं, पोकळ झाड निरुपयोगी म्हणून कुणी तोडायला निघालं, तर त्याला थांबवा.