एका संप्रेरकाचे खरे माहेर

एखाद्या वस्तूला नाव दिले की तिचा पत्ताही आपल्याला कळला, असे माणसाला वाटू लागते. वैद्यकाच्या इतिहासात याचे एक मोठे रंजक उदाहरण आहे, आणि त्याचा धागा मोखाडा तालुक्यातील पोशेऱ्यासारख्या डोंगराळ गावापर्यंत येऊन पोचतो.

तेथील एका आशाताईंनी मला आपल्या पिशवीतील गर्भचाचणीची पट्टी दाखविली. लघवीचे दोन-तीन थेंब टाकावे. काही मिनिटांत दोन रेघा उमटल्या की घरात पाळणा हलणार! या मुलखात ही वार्ता लवकर कळणे किती मोलाचे, हे १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी साऱ्या महाराष्ट्राला शिकविले. बाईचे नाव वेळेवर नोंदले गेले, तर तिच्या आहाराची व तपासणीची काळजीही वेळेवर सुरू होते.

ही पट्टी ज्या संप्रेरकाला ओळखते, त्याचे माहेर कोणते? मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. १९२६-२७ च्या सुमारास अमेरिकेत फिलिप स्मिथ यांनी ती पांढऱ्या उंदरांच्या शरीरातून काढून टाकली, तेव्हा त्यांची वाढ खुंटली व जननग्रंथी सुकून गेल्या. जननग्रंथींना जाग आणणारी ती हीच, असे ठरले. त्याच सुमारास बर्लिनमध्ये सेल्मार आशहाइम व बर्नहार्ड झोंडेक यांना गर्भवतीच्या लघवीत तसाच प्रभाव असलेले द्रव्य सापडले. ती लघवी कोवळ्या उंदरिणींना टोचावी आणि चार-पाच दिवसांनी त्यांचे अंडाशय तपासावेत. ते अकाली पक्व झालेले दिसले की निदान पक्के. परिणाम पीयूषिकेसारखा, तेव्हा द्रव्यही तिचेच, असा तर्क या दोघांनी केला. चाचणी विश्वासार्ह होती. पत्ता तेवढा चुकला होता!

१९३० साली मॉन्ट्रियलच्या कॉलिप यांना तसेच द्रव्य वारेच्या अर्कात मिळाले. पण वार ते स्वतः बनविते, की केवळ साठविते? १९३८ साली बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय, जॉर्जियाना सीगर व हेलमन यांनी वारेच्या पेशी काचपात्रात वाढविल्या. तेथे ना आई होती, ना तिची पीयूषिका. तरीही संप्रेरक तयार झाले, आणि माहेर कोणते ते कळले.

वाचकहो, खरी नवलाई पुढेच आहे. वारेच्या या पेशी आईच्या नव्हेत. त्या फलित बीजापासूनच निघालेल्या असतात. गर्भ सुमारे आठवड्याचा होऊन गर्भाशयाला बिलगतो, तेव्हा त्याच्या बाहेरच्या थरातील पेशी हे संप्रेरक सोडू लागतात. त्याचा निरोप आईच्या अंडाशयाला पोचतो, गर्भाशयाचे अस्तर टिकून राहते व पाळी चुकते. बाळाच्या स्वतःच्या पीयूषिकेचा पहिला कोंब मात्र चौथ्या आठवड्याच्या सुमारास फुटतो. ग्रंथी जन्माला येण्यापूर्वीच तिच्या घराण्यातले संप्रेरक कामाला लागलेले असते!

हे केवळ माणसातच घडते असेही नाही. पोशेऱ्याच्या अंगणात खुडूक कोंबडी २१ दिवस अंडी उबविते. त्या अंड्यातील पिलाची पीयूषिका वाढीचे संप्रेरक भरघोस बनवू लागते ती उत्तरार्धात. पण कॅनडातील स्टीव्ह हार्वे व एस्मंड सँडर्स यांना ते संप्रेरक पहिल्या काही दिवसांतच गर्भाच्या निरनिराळ्या ऊतींत आढळले. तेथे ते रक्तातून दूरचा प्रवास करीत नाही. शेजारच्या पेशींशीच त्याचे बोलणे चालते.

संप्रेरके ही ग्रंथींची मिरासदारी नव्हे, एवढे यावरून दिसते. जे काम पुढे एका ग्रंथीच्या हवाली होते, ते आरंभी साध्यासुध्या पेशी आपापसांत करीत असतात. पट्टीवरची दुसरी रेघ म्हणूनच मला फार मोलाची वाटते. आपण येत असल्याची वर्दी त्या जिवाने स्वतः दिलेली असते. ती ऐकून वेळेवर धावून जाणे, हे काम आपले.