ल ताँ दे सरीझ
(चेरीचा हंगाम). फ्रान्समधील अत्यंत लोकप्रिय गीत. कवी झाँ-बाप्तिस्त क्लेमाँ (१८३६–१९०३) यांनी ते १८६६ मध्ये लिहिले व गायक आंत्वान रनार यांनी १८६८ मध्ये त्याला चाल दिली. मुळात हे निखळ प्रेमगीत आहे : चेरीचा बहर अल्पकाळ टिकतो, तसेच प्रेमाचे सुखही, मागे उरते ती मनातली जखम आणि तरीही जपावीशी वाटणारी आठवण. त्यात राजकारणाचा एकही शब्द नाही. राजकीय अर्थ त्याला इतिहासाने दिला. क्लेमाँ १८७१ च्या पॅरिस कम्यूनचे (पॅरिसमधील क्रांतिकारी नगरशासनाचे) निवडून आलेले सदस्य होते. मे महिन्याच्या अखेरीस, म्हणजे ऐन चेरीच्या दिवसांत, सरकारी फौजांनी कम्यून चिरडले आणि हजारो माणसे मारली. शेवटच्या दिवशी, २८ मे रोजी, रस्त्यावरील एका बॅरिकेडवर जखमींची शुश्रूषा करायला आलेल्या लुईझ नावाच्या तरुणीला क्लेमाँ यांनी पुढे हे गीत अर्पण केले. तेव्हापासून लाल फळे, रक्ताचे थेंब व भरून न येणारी जखम या जुन्याच प्रतिमांत श्रोत्यांना कम्यूनचा पराभव ऐकू येऊ लागला. प्रचारगीतांना क्वचितच लाभणारे दीर्घायुष्य या गीताला लाभले, ते बहुधा त्याच्या या हळुवारपणामुळेच. गायक ईव्ह माँताँ यांच्यासह अनेकांनी ते गायिले. माजी राष्ट्राध्यक्ष फ्रांस्वा मित्तराँ यांच्या निधनानंतर, जानेवारी १९९६ मध्ये, गायिका बार्बरा हेन्ड्रिक्स यांनी ते पॅरिसच्या बास्तीय चौकात गायिले.