सागाची चौकट, पोलादाची चौकट

मंडळी, चौकट म्हटली की सागाचीच! मार्च २०२३मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी साग निघाला तो बल्लारपूरहून. मग जिन्याला पोलादी फायर डोअर कशाला?

साग हळू जळतो, पण जळतोच. पोलाद जळत नाही; मात्र तापलं की वाकतं, फट पडते आणि धूर शिरतो. म्हणून चौकट ओळंब्यात उभी करायची, होल्डफास्टने भिंतीत पकडायची, पोकळीत सिमेंटचा मसाला ठासायचा.

९ जानेवारी २०२१ला विदर्भातल्याच भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आगीने-धुराने १० नवजात बाळं गेली. धुराला थोपवणं म्हणजे काय, ते तेव्हा कळलं.

असो. सोमवारी ऑफिसात एवढंच बघा: फायर डोअरला वीट लावून ते उघडं तर ठेवलं नाहीये ना?